एकाच राखाडीतले दोन फ्रॉक

मला लाल आणि हिरवा या दोन रंगांतला फरक नीट कळत नाही. जन्मापासूनच. सिग्नलला वरचा दिवा लागलाय की खालचा हे बघून मी रस्ता ओलांडतो, आणि बोरीवलीच्या बाजारात टोमॅटो निवडायला मला घरून कुणी पाठवत नाही. शाळेत एकदा चित्रकलेच्या तासाला मी आंब्याच्या झाडाची सगळी पानं तपकिरी रंगवली होती. बाईंना वाटलं, मी पानगळ दाखवलीय. त्यांनी ते चित्र वर्गात फिरवलं आणि मला शाबासकी दिली. मी ती घेतली.

असा माणूस इंजिनिअरिंग कॉलेजात इमेज प्रोसेसिंग शिकवतो हे ऐकलं की लोकांना हसू येतं. मला त्यात काही विचित्र वाटत नाही. मी स्वतः विद्यार्थी होतो तेव्हा लॅबमध्ये पहिल्यांदा कळलं की कॉम्प्युटरलाही रंग दिसत नाहीत, त्याला फक्त आकडे दिसतात. फोटोतल्या प्रत्येक पिक्सेलमागे तीन आकडे असतात: लाल किती, हिरवा किती, निळा किती. त्या दिवशी मी एका टोमॅटोच्या फोटोवर माउसचा बाण नेऊन ठेवला, आकडे वाचले, आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणालाही न विचारता म्हणालो, हा पिकलाय. शेजारच्या मुलाला त्यात विशेष काही वाटलं नाही. मी मात्र त्या आनंदात दोन वडापाव खाल्ले.

लग्न ठरताना मी बायकोला हे आधीच सांगून टाकलं होतं. तिने विचारलं, मग आज मी कुठल्या रंगाची साडी नेसलेय? मी म्हटलं, फोटो काढू दिलात तर सांगतो. ती हसली आणि तिने फोटो काढू दिला. घरात रंगांचं खातं तेव्हापासून तिच्याकडे आहे.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे माझ्या मावशीची पंचाहत्तरी.

मावशी मुलुंडला राहते. आई तिच्याहून दोन वर्षांनी लहान, ती आमच्याकडे बोरीवलीला. दोघींचं लहानपण घाटकोपरच्या एका चाळीत गेलं. वडील, म्हणजे माझे आजोबा, मालवणकडून येऊन गिरणीत लागले होते. मी जन्माला येण्याआधीच ते गेले. दोघी बहिणी रोज दुपारी जेवणं आटोपली की फोनवर बोलतात आणि बोलता बोलता मालवणीत शिरतात. मग आम्हाला कळतं की आता तासभर फोन मिळणार नाही.

मावशीच्या मुलाने सोसायटीच्या हॉलमध्ये कार्यक्रम ठरवला होता. स्टेजवर मागे तिच्या लहानपणीचा मोठा फोटो लावायचा, अशी त्याची कल्पना. लहानपणीचा फोटो एकच होता. चाळीतल्या एका शेजाऱ्याकडे कॅमेरा होता, त्याने गॅलरीत काढलेला, पोस्टकार्डाएवढा, ब्लॅक अँड व्हाइट. त्यात मावशी नऊ वर्षांची आणि आई सात वर्षांची. दोघींच्या अंगात एकाच कापडाचे, पांढऱ्या ठिपक्यांचे फ्रॉक. ते कापड आजोबांनी गिरणीतून आणलं होतं. दोघी कॅमेऱ्याकडे बघतच नाहीयेत. त्या बाजूला, खोलीच्या दाराकडे बघून तोंड उघडं टाकून हसताहेत. दारात काळाकुट्ट अंधार. एकूण फोटो तसा फसलेलाच, पण दोघींचा अतिशय लाडका.

मावसभावाने त्याचा मोबाइलवर फोटो काढला, एका ॲपमध्ये टाकला आणि रंगीत करून घरच्या ग्रुपवर पाठवला. फ्रॉक निळे झाले होते. दुपारी आईने मावशीला फोन लावला. सुरुवातीला दोघींचं एकमत होतं. निळा रंग कुठून काढला याने, याला विचारायचं तरी होतं. मग आई म्हणाली, चांगला हिरवागार फ्रॉक होता. पलीकडून मावशी काहीतरी बोलली. तसा आईचा आवाज चढला.

"लाल? ताई, तुका काय आठवता गो? हिरवो होतो."

त्या दिवशी फोन दहा मिनिटांत संपला.

मला या प्रकाराची मोठी मौज वाटली. साठ-पासष्ट वर्षं दोघींनी तो फोटो शेकडो वेळा एकत्र बघितला होता. एकीने त्यात मनातल्या मनात हिरवा भरला होता, दुसरीने लाल, आणि फोटो राखाडी असल्यामुळे दोघींनाही कधी कळलं नाही की आपण वेगवेगळे फ्रॉक बघतोय. ॲपने निळा रंग लावला नसता तर कधी कळलंही नसतं.

दोन दिवसांनी मावसभावाचा फोन आला. म्हणाला, तू यातलाच आहेस यार, फोटोतून खरा रंग शोधून काढ. त्या दोघी धड बोलत नाहीयेत, माझ्या कार्यक्रमाची वाट लागेल.

रविवारी मावशी स्वतः फोटो घेऊन आली. दोन पुठ्ठ्यांच्या मधे ठेवून, वर प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळून. आईने तिला चहा दिला, पण साखर विचारली नाही, सरळ घातली. मी दोघींना समजावायला लागलो की या फोटोत रंग लपलेला नाहीये. रंगीत फोटोत एका पिक्सेलला तीन आकडे असतात, यात एकच आहे. तिथे उजेड किती होता एवढंच तो सांगतो. शून्य म्हणजे काळा, दोनशे पंचावन्न म्हणजे पांढरा, मधले सगळे राखाडी. ॲपने लाखो फोटो बघितलेले असतात, त्यावरून ते अंदाज मारतं. निळा हा त्याचा अंदाज होता.

दोघींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, मग तुझा अंदाज काय?

मी बायकोला हाक मारली. तिने फ्रीजमधून एक लाल आणि एक हिरवी सिमला मिरची काढली आणि दोन्ही ताटात ठेवल्या. कुठली कुठली ते मला विचारू नका. मी मोबाइलवर ब्लॅक अँड व्हाइट करून त्यांचा फोटो काढला आणि दोघींच्या पुढे धरला. दोन्ही मिरच्या एकाच राखाडी रंगाच्या आल्या होत्या. आईने फोन जवळ नेला, लांब नेला, मग मावशीकडे दिला. मावशीने ताटातल्या मिरच्यांची जागा बदलून मला परत फोटो काढायला लावला. पुन्हा तेच.

आई माझ्याकडे बघून म्हणाली, "म्हणजे या फोटोला तुझ्यासारखंच दिसतं."

इतक्या वर्षांत माझ्या विषयाबद्दल इतकं नेमकं कुणी बोललं नव्हतं. पुढच्या वर्गात मी ते वाक्य वापरलंसुद्धा.

रंगाचं नंतर बघू, आधी फोटो साफ करून देतो, असं सांगून मी वेळ काढला. फोटोची अवस्था खरंच वाईट होती. दमट हवेने सगळीकडे बुरशीचे बारीक पांढरे ठिपके पडले होते आणि एका कोपऱ्यात चहासारखा पिवळट डाग होता. डागाचं सोपं होतं. काळा-पांढरा फोटो असला तरी मी तो मुद्दाम रंगीत स्कॅन केला. त्याचे लाल, हिरवा, निळा असे तीन थर वेगळे केले. पिवळा डाग निळ्या थरात काळा होऊन उठून दिसतो आणि लाल थरात जवळजवळ नाहीसा होतो. मी लाल थर ठेवला, बाकीचे दोन काढून टाकले. डाग गेला.

बुरशीसाठी मी मीडियन फिल्टर लावला. हा माझा आवडता फिल्टर, वर्गात मी तो नेहमी रांगेचं उदाहरण देऊन शिकवतो. एक पिक्सेल घ्यायचा, त्याच्या आजूबाजूचे पिक्सेल घ्यायचे, सगळ्यांना उंचीप्रमाणे रांगेत उभं करायचं आणि मधल्याला निवडायचं. जो शेजाऱ्यांपेक्षा फारच पांढरा आहे तो रांगेच्या टोकाला जातो आणि आपोआप गळतो. सरासरी काढणारा फिल्टर सगळंच पुसट करून ठेवतो, हा कडा शाबूत ठेवतो. बुरशी हट्टी होती म्हणून मी शेजार जरा मोठा घेतला. फोटो एकदम स्वच्छ झाला. मी तो खुशीत ग्रुपवर टाकला.

पाच मिनिटांत आई स्वयंपाकघरातून आली, तिच्यापाठोपाठ मावशीचा फोनही आला. दोघी एकच प्रश्न विचारत होत्या. फ्रॉकवरचे ठिपके कुठे गेले?

खरंच गेले होते. फिल्टरला बुरशीचा ठिपका आणि कापडावरचा ठिपका यांत काय फरक? दोन्ही पांढरे, दोन्ही बारीक. दोघींचे फ्रॉक रुग्णालयाच्या गाउनसारखे सपाट झाले होते. मावशी फोनवर म्हणाली, निळा परवडला, पण ठिपके आण. त्या निमित्ताने आईने फोन माझ्या हातून घेतला आणि दोघी पुन्हा तासभर बोलल्या. माझ्याविषयीच बोलत होत्या, पण बोलत होत्या.

मग मी पहिल्यापासून सुरुवात केली. फ्रॉक आणि चेहरे फिल्टरपासून वगळले, तिथली बुरशी हाताने, एकेक ठिपका बघून काढली. कुठला ठिपका कापडाचा आणि कुठला बुरशीचा हे ठरवायला आईला शेजारी बसवलं. ठिपके तिरक्या रांगेत होते, ती बोट ठेवून सांगायची, इथे एक हवा, इथे नको. फ्रॉक झाले, भिंत झाली, गॅलरीचा कठडा झाला. शेवटी दार राहिलं. आई तोवर कंटाळून दुपारची झोपायला गेली होती.

दाराच्या अंधारात वरच्या बाजूला एक बारीकशी पांढरी रेघ होती, अर्धगोल, चंद्रकोरीसारखी. मी ती बुरशीच समजून पुसायला घेतली. पण बुरशी गोल ठिपक्यांची असते, अशी बाक घेऊन येत नाही. म्हणून मी थांबलो. त्या भागाचे आकडे बघितले. डोळ्यांना सगळं सारखंच काळं दिसत होतं, पण आकडे सारखे नव्हते. कुठे आठ, कुठे चौदा, कुठे बावीस. म्हणजे अंधारात काहीतरी होतं, फक्त सगळे आकडे शून्याजवळ दाटीवाटीने बसले होते. अशा वेळी ते आकडे ताणून पसरवायचे असतात. सगळ्यात काळ्याला शून्यावर ठेवायचं, त्यातल्या त्यात उजळ असेल त्याला वर उचलायचं. यात नवीन काही घातलं जात नाही, असलेलंच मोकळं होतं.

मी ताणलं. दारात एक माणूस उभा होता.

खरबरीत, वाळूत काढल्यासारखा दिसत होता. पण बनियन दिसत होती, एक हात चौकटीला लावलेला दिसत होता, आणि डोक्यावर काहीतरी गोल होतं, ज्याच्या काठावर बाहेरचा उजेड पडून ती चंद्रकोर झाली होती. आपल्याला हवं ते आपण ढगांतही बघतो हे मी विद्यार्थ्यांना सांगत असतो. म्हणून मी फोटो परत स्कॅन केला, जास्त बारकाईने, आणि तेच सगळं परत केलं. माणूस परत आला. मग मी काही न सांगता बायकोला बोलावलं आणि फक्त तेवढा भाग दाखवला.

ती वाकून बघत म्हणाली, "कुणीतरी डोक्यावर टोप घालून उभंय. भाताचा टोप. आणि मिशा आहेत त्याला."

आमच्या हॉलमध्ये आजोबांचा एक फोटो आहे. गिरणीच्या ओळखपत्रासाठी काढलेला, नंतर मोठा करून घेतलेला. त्यात ते समोर असे बघतात की लहानपणी मी त्या भिंतीखाली बसून अभ्यास करायला घाबरायचो. घरात त्यांच्याबद्दलचं सगळं त्या फोटोला धरूनच होतं. कडक होते, फार बोलत नसत, त्यांच्या चपलांचा आवाज आला की चाळीतली पोरं खेळ थांबवायची. दुसरा फोटो नव्हताच. बायकोने एकदा भिंतीकडे बघितलं, एकदा स्क्रीनकडे, आणि ती माझ्याकडे बघत राहिली. मिशा त्याच होत्या.

आईला लगेच सांगावं असं फार वाटत होतं, पण एकीला आधी आणि दुसरीला मागून कळलं असतं तर नवीनच भांडण झालं असतं. पुढच्या रविवारी मावशीला पुन्हा बोलावून घेतलं. दोघींना कॉम्प्युटरपुढे शेजारी शेजारी बसवलं. आधी अख्खा फोटो दाखवला, ठिपक्यांसकट. दोघी खूश झाल्या. मग मी म्हटलं, आता दाराकडे बघा, आणि हळूहळू तो भाग उजळत नेला.

आईने चष्मा काढून पदराने पुसला आणि परत घातला.

"बाबा," मावशी म्हणाली. मग अगदी बारीक आवाजात, "टोप घातलानी गो."

आणि मावशी हसायला लागली. आधी नुसते खांदे हलत होते, मग आवाज फुटला, मग डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी ती हसतच होती. आई तिचा दंड धरून हसत होती. मी त्या दोघींकडे बघितलं आणि मग स्क्रीनवरच्या नऊ आणि सात वर्षांच्या मुलींकडे. त्या कुणाकडे बघून हसताहेत हे इतकी वर्षं कुणाला माहीत नव्हतं. त्या दोघींनाही नाही.

मी विचारलं, आठवतंय का काही? मावशी म्हणाली, काही म्हणजे काही आठवत नाही. फोटोसाठी ताठ उभं राहायला सांगितलं होतं आणि ऊन डोळ्यांवर येत होतं, एवढंच. आईनेही मान हलवली. पण संध्याकाळी भाजी निवडता निवडता ती मला म्हणाली की तिला आवाज आठवतोय. बाबा टोपात तोंड घालून तिच्या नावाने हाक मारायचे, तो आवाज घुमायचा, ती जेवायला कंटाळा करायची तेव्हा. हे तिला खरंच आठवलं की फोटो बघून तिने नंतर जुळवलं, हे मला सांगता येणार नाही. ते तपासायचा माझ्याकडे फिल्टर नाही. मी तिला विचारलंही नाही.

फोटो रंगवायचा प्रश्न त्याच दिवशी मिटला. मी सुचवलं की एक प्रत लाल करतो, एक हिरवी. आई म्हणाली, स्टेजवर एकच लागणार ना, मग हिरवी. मावशी म्हणाली, वाढदिवस माझा आहे. शेवटी दोघींनीच ठरवलं की रंग नकोच. जसा आहे तसा लाव, फक्त दार उघडं ठेव. दार उघडं ठेव म्हणजे तो भाग उजळलेला ठेव. मावसभावाला मी तसंच कळवलं.

कार्यक्रमाला हॉलमध्ये तो फोटो भिंतभर लागला. इतका मोठा केल्यावर आजोबा जवळून नुसते ठिपके ठिपके दिसत होते, पण चार पावलं मागे गेलं की स्पष्ट माणूस. लोक पुढे येऊन बघायचे आणि मग मागे मागे जायचे, पंगतीतल्या लोकांना धडकायचे. चाळीतल्या एक जुन्या शेजारीण आल्या होत्या, मावशीच्याच वयाच्या. त्या फोटोपुढे उभ्या राहून म्हणाल्या की हे कापड त्यांना चांगलं आठवतंय, आजोबांनी त्यांच्या घरीही दिलं होतं, त्याचे पडदे शिवले होते. छान केशरी रंग होता.

आई आणि मावशीने एकमेकींकडे बघितलं. मग मावशीने त्यांच्या ताटात आग्रहाने आणखी एक गुलाबजाम वाढला आणि विषय बदलला. त्या गेल्यावर म्हणाली, बिचारीला आता काही आठवत नाही.

भिंतीवरच्या कडक फोटोचं काय करायचं यावर मात्र अजून एकमत नाही. मावशीला तो काढून त्या जागी टोपवाला लावायचाय. आईचं म्हणणं, डोक्यावर टोप असलेल्या माणसाला हार कसा घालायचा, तो शोभेल का. सध्या तरी टोपवाला स्वयंपाकघराच्या दाराशेजारी लावलाय आणि त्याला हार नाही.

त्यानंतर पंधरवड्यात मावशी रिक्षातून तीन आल्बम घेऊन उतरली. लग्नांचे, बारशांचे, मधल्या काळातले, निम्मे रंग उडालेले. तिला सगळे अंधारातले कोपरे उघडून बघायचे होते. मी एकदा दाखवल्यावर उजेडाची पट्टी कशी सरकवायची ते ती शिकली, आणि आता मला माझ्याच खुर्चीत जागा मिळत नाही. काल दोघी बसल्या होत्या. मावशी पट्टी सरकवत होती, आई स्क्रीनला नाक लावून बघत होती. कुठल्याशा बारशाच्या फोटोत पलंगाखाली त्यांना मांजर सापडली. ती शेजाऱ्यांची की आपली यावर चर्चा सुरू झाली, तेव्हा मी चहा टाकायला उठलो.